कंट्रोलरला नाव नको

आमच्या समाजभवनाच्या गच्चीवर पाच सोलर पॅनल आहेत आणि पाचांवर पाच मेलेल्या माणसांची नावं आहेत. सहावं नाव माझ्या बायकोचं असावं, असा प्रस्ताव घेऊन हंबीरराव माझ्याकडे आले तेव्हा सकवारला जाऊन वर्ष भरत आलं होतं.

हंबीरराव आमच्या समाजाचे अध्यक्ष. बेंगळुरूला बनशंकरीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, भिंतीवरच्या सकवारच्या फोटोकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "गुंडोअण्णा, वहिनी भाग्याच्या. सवाष्ण गेल्या. पाटीवर 'सौ.' लिहिता येईल."

बायको मेली याला भाग्य म्हणणारी माणसं मी वर्षभर ऐकत होतो. सुरुवातीला राग यायचा. आता शिसारी येते, दुसऱ्याचं उष्टं हाताला लागल्यावर येते तशी.

"पॅनल कशाला?" मी विचारलं. "आहेत तेवढ्यांनी काय दिवे लावले?"

"दिवेच लावतात की," म्हणून ते हसले.

तेच तर होत नव्हतं. पण ते समजायला समाजभवन काय आहे ते सांगायला हवं.

शिवाजीनगरच्या बाजूला आमची तीन मजली इमारत आहे. खाली लग्नाचा हॉल, वर चार खोल्या. आम्ही बेंगळुरूचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी, घरात निम्मं कन्नड मिसळून बोलतो. पण त्या खोल्यांत उतरतात ते निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे लोक. घरचा कोणी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात असतो आणि शहरात ओळखीचं कोणी नसतं, असे. सकवार त्या खोल्या बघायची. पगार नाही, पद नाही. एकदा ती वर गेली तेव्हा एक बाई इंजेक्शनांचा खोका ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवत होती. ही इंजेक्शनं दोन ते आठ डिग्रीतच ठेवायची असतात, नाहीतर आतलं औषध पाण्यासारखं होतं. सकवार घरी आली आणि आमचा जुना फ्रीज टेम्पोत घालून तिकडे घेऊन गेली. मला संध्याकाळी कळलं.

त्या फ्रीजमध्ये तिने एक थर्मामीटर ठेवला. भाजी, दूध, ताक काही ठेवू द्यायची नाही. कोणी उगीच दार उघडलं तर म्हणायची, "तो देव नव्हे. दर्शन घेऊ नका. घ्यायचं ते घ्या आणि लावा."

उन्हाळ्यात त्या भागातला करंट दुपारी तासन्‌तास जातो. म्हणून तिने समाजाच्या मागे लागून फ्रीजपुरतं सोलर करून घेतलं. गच्चीवर दोन पॅनल, जिन्याखाली चार बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर आणि भिंतीवर एक छोटा डबा. त्या डब्याला चार्ज कंट्रोलर म्हणतात. पॅनलमधून येणारी वीज बॅटरीला किती आणि कशी द्यायची ते तो ठरवतो. तो नसला किंवा लहान पडला तर पॅनल कितीही असोत, त्यांचा उपयोग नाही.

सकवारच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. शेवटी हॉस्पिटलात नीट शुद्धीवर असताना तिने मला विचारलं ते एवढंच की वरचा फ्रीज चालू आहे ना. मुलीचं विचारलं नाही, माझं नाही. तेव्हा मला वाईट वाटलं. मी हो म्हणालो. ते खरं राहावं एवढीच माझी इच्छा आहे. पाटीबिटीची नाही.

तर ते दोन पॅनल पहिल्याच वर्षी दोन घरांनी आपल्या वडीलमंडळींच्या नावाने करून घेतले. आमच्यात ही जुनी खोड आहे. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावं घालतो, ते ठीक आहे, भांडी हरवतात. पण समाजभवनात प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नाव आहे. पंख्याच्या पात्यांवरही आहे. सकवार म्हणायची, "पंखा लावला की सगळे सारखेच दिसतात." हात धुवायच्या बेसिनवर एका आजीचं नाव आहे आणि लोक तिच्यावर थुंकतात.

पॅनलवर नाव छान दिसतं. मोठं असतं, काळं चकचकीत, गच्चीवर लग्नाचे फोटो काढताना मागे येतं. मग तिसऱ्या घराने तिसरं पॅनल दिलं. चौथ्याने चौथं. पाचव्याने तर पॅनलच्या डोक्यावर लोखंडी कमान लावली आणि कमानीत वडिलांचा रंगीत फोटो. दुपारनंतर त्या वडिलांची सावली शेजारच्या पॅनलवर पडते. शेजारच्या घराने भांडण केलं. वीज कमी होते म्हणून नव्हे, आमच्या आजोबांवर तुमच्या बापाची सावली का, म्हणून.

कंट्रोलर मात्र पहिल्याच दिवसाचा राहिला.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. मला विजेतलं फार कळत नाही, पण डब्यावर काय छापलंय ते वाचायची सवय आहे. डब्यावर छापलंय, तीस अँपिअर. प्रत्येक पॅनलच्या पाठीमागे छापलंय, भर उन्हात नऊ अँपिअर. दोन पॅनलचे अठरा झाले. त्यावर पाव भाग जास्त धरायचा असतो, कारण कधी ऊन नेहमीपेक्षा कडक पडतं, ढगाच्या कडेवरून चमकून जास्त येतं. म्हणजे बावीस-तेवीस. तीसचा डबा त्याला बरोबर होता. पाच पॅनलचे पंचेचाळीस. पाव भाग धरला की छप्पन्न. तीसचा डबा त्याला पुरत नाही. तिसरीतल्या पोराला जमेल असं गणित आहे.

आणि ते सगळ्यांना जमलं होतं. कोणी अडाणी नव्हतं. समितीत दोन इंजिनिअर आहेत. पाचवं पॅनल लावणाऱ्या माणसानेही लावता लावता सांगितलं होतं, साहेब, कंट्रोलर बदला. सगळ्यांनी हो म्हटलं.

मग काय व्हायचं, तर सकाळी ऊन चढलं की डबा तापायचा. बारा वाजायच्या आत लाल दिवा लागायचा आणि तो आपणहून बंद पडायचा. थंड झाला की चालू, मग परत बंद. ज्या वेळी सगळ्यात जास्त वीज यायची त्याच वेळी तो ती घेत नव्हता. बॅटऱ्या अर्ध्याच भरायच्या. पॅनल वाढत गेले तशी वीज कमी होत गेली आणि गच्चीवर नावं वाढत गेली.

इमारत सांभाळणारा ज्योतिबा तिथेच मागच्या खोलीत राहतो. त्याने कंट्रोलरसमोर टेबलफॅन लावला. त्या फॅनवरही कोणाच्या तरी काकूंचं नाव होतं.

"काकू आहेत म्हणून चाललंय अण्णा," ज्योतिबा मला म्हणाला. "दिवसभर वारा घालतायत."

सकवार असती तर हसली असती. मलाही हसू आलं, पण त्याच वेळी डब्यातून तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता. तो वास मला अजून नाकात बसल्यासारखा वाटतो.

मी हंबीररावांना हे सगळं आधीही सांगितलं होतं. त्या दिवशी सोफ्यावर पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "कंट्रोलर बदलायचाच आहे. कोणीतरी देणारा मिळू दे."

"मीच देतो. सकवारच्या नावाचं पॅनल नको, कंट्रोलर घ्या."

ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी बायकोला जिन्याखाली पुरायला निघालो होतो.

"अण्णा, काय बोलता? जिन्याखाली? अंधारात? आणि नाव कुठे लिहिणार? वीतभर तर डबा असतो."

"नाव नको."

"नाव नको म्हणजे?" त्यांना खरंच कळलं नाही. "मग ते स्मरणार्थ कसं होईल?"

ते उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "संयोगिताशी बोला एकदा. तिची इच्छा असेल काही."

तिची इच्छा त्यांना आधीच माहीत होती. संयोगिता माझी मुलगी. एचएसआर लेआउटमध्ये राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. रविवारी ती आली तेव्हा मी तिला गणित घातलं. तिने फोनवर आकडे टाकले.

"साठचा लागेल अप्पा," ती म्हणाली. "छप्पन्नच्या वरचा मिळतो तो साठचाच. बॅटऱ्या चार आहेत, चोवीस व्होल्टला जोडलेल्या. त्यांना पंचेचाळीस अँपिअर झेपतात. त्याच्या वर नको. म्हणजे सहावं पॅनल लावायचंच नाही."

"मग हंबीररावांना कशाला हो म्हणालीस?"

तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या गच्चीवर कोणकोणाची नावं आहेत बघितलंत? त्यातली निम्मी माणसं त्या खोल्यांत कधी पाय ठेवायला गेली नाहीत. आणि जिने सगळं केलं तिचं नाव कुठेच नाही. मला चीड येते त्याची."

"मलाही येते. म्हणूनच नको."

"तुमचं काही कळत नाही अप्पा. फोटोला हार घालू दिला नाहीत. वर्षभर तिच्याबद्दल कोणाशी बोलला नाहीत. आता नावही नको." ती उठून आत गेली आणि सकवारच्या भांड्यांच्या फळीवरून पातेलं काढून चहा ठेवायला लागली. पातेलं जोरात आदळलं.

मला तिला सांगता आलं नाही. हार कुजतो, त्याला वास येतो, हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यानंतर मला तो वास सहन होत नाही. ते मी मनातच ठेवलं.

मी आणखी एक मार्ग सुचवून बघितला. समितीच्या बैठकीत म्हणालो की कंट्रोलर बदलायचा नसेल तर तीन पॅनल काढा. तीसच्या डब्याला दोनच पुरे. फ्रीज नीट चालेल.

मग एक जण म्हणाला, "कोणाचे काढायचे?"

"कोणाचेही."

"म्हणजे आमच्या आईला खाली उतरवायचं?"

"आधी नंतरच्यांना काढा. आमचे आजोबा पहिले आहेत."

"नंतरच्यांना का? कमानीला केवढा खर्च आलाय, माहितीय?"

अर्धा तास ते भांडत होते. कोणाच्या मेलेल्याने जागा सोडावी यावर जिवंत माणसं हातघाईवर आली. फ्रीजचं नाव कोणी काढलं नाही. हंबीरराव मध्ये पडून म्हणाले, स्वल्प शांत व्हा, चहा येतोय. चहा आला. कपांवर नावं होती.

त्याच आठवड्यात कंट्रोलर जळला.

सकाळी ज्योतिबाचा फोन आला. मी पोचलो तोवर जिन्याखाली काळा धूर बसलेला होता, डबा एका बाजूने वितळून खाली ओघळला होता. काकूंचा फॅन अजून वारा घालत होता. डबा आदल्या दुपारीच जळला असणार, कोणाला कळलं नाही; उरलेल्या बॅटरीवर चाललेला इन्व्हर्टर पहाटे बंद पडला, म्हणजे फ्रीज तेव्हापासून बंद. त्याचा प्लग काढून साध्या लाइनला लावता येतो, पण ज्योतिबा झोपला होता, आणि नंतर जाग आली तेव्हा साध्या लाइनलाही करंट नव्हता. तो मी पोचायच्या जरा आधी आला.

वरच्या खोलीत महानंदा नावाची बाई होती. खानापूरकडची. तिच्या नवऱ्याचंही किडनीचंच, सकवारला होती तीच इंजेक्शनं. फ्रीज उघडला तर थर्मामीटर बावीसवर. आत कोंदट वास. ती खोका हातात घेऊन जिन्यावर बसली होती.

"थंड लागतंय की हो स्वल्प," ती मला म्हणाली. "चालतील का?"

मी हात लावला. थंड नव्हता. तिच्या हाताची थंडी होती ती.

"नाही चालणार," मी म्हणालो. "हॉस्पिटलात खरं सांगा. दुसरी मागा. ही देऊ नका."

"अक्का असत्या तर," ती म्हणाली आणि खोका पदरात घेतला. ती सकवारला ओळखत होती. मागच्या खेपेला सकवारनेच तिला कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते दाखवलं होतं.

दुसरी इंजेक्शनं मिळाली. त्याला तीन दिवस लागले. मधल्या दिवसांत तिच्या नवऱ्याला धाप लागली आणि पुन्हा भरती करावं लागलं. तो वाचला. पण मला ते तीन दिवस समितीतल्या कोणाचा आवाज ऐकवत नव्हता. हंबीररावांनी फोन करून विचारलं, "गच्चीवर काही नुकसान नाही ना?" मी फोन ठेवला.

मी कोणाला न विचारता एस. पी. रोडच्या इलेक्ट्रिकच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानात मालकाने विचारलं, "सर, एष्टु बेकु?" किती हवे. मी साठ सांगितलं. त्याने एक डबा काढला, वर साठ लिहिलेलं. उचलला तर रिकाम्या खोक्यासारखा हलका. माझ्या जळलेल्या तीसच्याच मापाचा, पाठीला उष्णता जायला पन्हाळ्यासुद्धा तेवढ्याच.

"हा साठचा नाही," मी म्हणालो.

"सरी सर, बरं मग, ऐंशीचा देऊ?" तो म्हणाला आणि आतून तसाच दुसरा डबा आणला. त्यावर स्टिकर नव्हता. स्टिकर त्याच्या ड्रॉवरमध्ये होते, वेगवेगळ्या आकड्यांचे, नोटांसारखे रबर लावून गठ्ठ्यात ठेवलेले. "लावून देतो. तुम्ही सांगाल तो."

मला वाटलं, हंबीररावांना इकडे आणायला हवं. त्यांना हे दुकान आवडलं असतं.

चौथ्या दुकानात खरा मिळाला. जड, मागे जाड पन्हाळ्या असलेला, कंपनीचा कागद बरोबर. कागदावर लिहिलं होतं की वर आणि खाली एक वीत जागा मोकळी सोडा, बंद जागेत लावू नका, हवा खेळती राहू द्या. दुकानदार म्हणाला, तार जुनी चालणार नाही, जाड घ्या, आणि फ्यूजही त्या मापाचा घ्या. ते सगळं घेतलं.

हंबीररावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "आता घेतलाच आहेत तर ऐंशीचा घ्यायचा होतात. पुढे पॅनल वाढले तर?"

"पुढे आपल्यात किती जण मरणार तो आकडा द्या," मी म्हणालो, "त्या मापाचा घेतो."

त्यांना ते लागलं. पण मी साठचाच घेतला होता तो मुद्दाम. बॅटऱ्यांना पाच पॅनलपुढे नको होतं, आणि मलाही.

बसवून झाला त्या दिवशी मी दुपारपर्यंत जिन्याखाली खुर्ची टाकून बसलो. भर उन्हात कंट्रोलरवर चव्वेचाळीस दिसत होते. हात लावला, कोमट होता. लाल दिवा लागला नाही. वर जाऊन फ्रीज बघितला, चार डिग्री. महिनाभर ते तसंच राहिलं. ज्योतिबाने काकूंचा फॅन आपल्या खोलीत नेला. त्या महिन्यात मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

मग सकवारचं वर्षश्राद्ध आलं. घरी करायचं म्हटलं तर संयोगिता म्हणाली, समाजभवनात करू, खोल्यांतल्या लोकांनाही जेवण घालता येईल. हे मला पटलं. मी हो म्हणालो. त्याआधीचे चार-पाच दिवस मला ताप होता म्हणून मी तिकडे गेलो नव्हतो.

त्या दिवशी सकाळी हॉलमध्ये पोचलो. विधी झाला, पिंड झाले. पानं मांडायला सुरुवात झाली तेव्हा हंबीरराव आणि संयोगिता दोघं माझ्याकडे आले. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. वर्षभरात मी तिला तशी बघितली नव्हती.

"अप्पा, या जरा," ती म्हणाली.

त्यांनी मला जिन्याखाली नेलं. बॅटऱ्यांच्या वर, भिंतीवर, सनमायकाचा एक देव्हारा होता. चांगला तीन फुटी. वर छोटा कळस. काचेच्या दारावर सकवारचा फोटो, त्याला झेंडूचा जाड हार, भोवती लुकलुकणारी दिव्यांची माळ. खाली पितळी पाटी. कै. सौ. सकवारबाई यांच्या स्मरणार्थ. पुढे माझं नाव, तिच्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

"कंट्रोलर कुठे आहे?" मी विचारलं.

"आत," हंबीरराव म्हणाले. "दिसायला नको म्हणून झाकला. चार दिवस झाले. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"कल्पना माझी होती," संयोगिता म्हणाली. "तुम्ही गच्चीवर नको म्हणालात ना. म्हणून इथेच."

मला झेंडूचा वास आला. गरम झालेला, खालून कुजायला लागलेला. आणि त्याच्या खालून तो दुसरा, प्लास्टिकचा. तेवढ्यात इन्व्हर्टर वाजायला लागला, तुटक तुटक, बॅटरी संपत आल्यावर वाजतो तसा.

ज्योतिबा मागून म्हणाला, "काल पण वाजला अण्णा. मी म्हटलं अक्का बोलतायत."

मी देव्हाऱ्याच्या काचेवर हात ठेवला. चटका बसला.

"हवा कुठून जाते याला?"

हंबीरराव कळसाकडे बघायला लागले.

"आत लाल दिवा आहे," मी म्हणालो. "माळेत दिसत नाही तुम्हाला, पण आहे. चार दिवस हा रोज बंद पडत असणार. वर कोणाची औषधं आहेत?"

"महानंदाबाईंची," ज्योतिबा म्हणाला. "आणखी दोघांची."

मी हार तोडून खाली टाकला. हंबीररावांनी माझा हात धरला. "अण्णा, आजच्या दिवशी? पाहुणे आहेत. वहिनींचा फोटो आहे तो. स्वल्प विचार करा."

"सोडा."

"जेवणं होऊ देत. संध्याकाळी दार उघडून ठेवू."

"हंबीरराव, हात सोडा. मला तुमचा हात लागलेला नकोय."

त्यांनी सोडला. ते इतके दुखावलेले दिसले की कोणालाही दया आली असती. मला आली नाही. मी ज्योतिबाकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला. तो आणायला गेला आणि तोवर मी दार ओढायला लागलो. ते कुलूपबंद होतं. मी कळस धरून हिसडा दिला. सनमायका चिरला, पण देव्हारा हलला नाही. त्या सुताराने काम चांगलं केलं होतं.

"थांबा अप्पा," संयोगिता म्हणाली.

मला वाटलं ती अडवणार. तिच्याकडे बघायचं धैर्य मला नव्हतं. तिने पर्समधून छोटी किल्ली काढली, कुलूप उघडलं. दार उघडताच आतली गरम वाफ तिच्या तोंडावर आली आणि ती मागे सरली. मग तिने आत हात घालून कंट्रोलरला लावला आणि लगेच काढून घेतला. बोटं तोंडाशी धरून ती तशीच उभी राहिली. आतला लाल दिवा आता सगळ्यांना दिसत होता.

"किती डिग्री आहे वर?" तिने ज्योतिबाला विचारलं. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला होता.

"बघून येतो."

"मी बघते."

ती साडी वर धरून जिने चढून गेली. आम्ही खाली उभे राहिलो. हॉलमधून कोणीतरी हाक मारली की पानं थंड होतायत.

ती परत आली. "नऊ," ती म्हणाली. "अजून हाताबाहेर गेलेलं नाही. करंट आहे, मी प्लग साध्या लाइनला लावलाय."

मग तिने ज्योतिबाच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. आधी फोटो काढला, पदराने पुसून माझ्याकडे दिला. मग पाटी काढली. मग भिंतीतले स्क्रू. वेळ लागला. ती मला मदत करू देईना. शेवटचा स्क्रू निघाला तसा देव्हारा बॅटऱ्यांवर पडणार होता, तो मी आणि हंबीररावांनी मिळून धरला. त्यांनी धरला हे मला सांगायला हवं.

"पण लोकांना कळणार कसं," देव्हारा खाली ठेवताना हंबीरराव म्हणाले, "कोणी दिला ते?"

"नाही कळणार," संयोगिता म्हणाली.

"मग त्याचा..." ते पाटीकडे बघायला लागले.

आम्ही जेवायला गेलो नाही. दोघं जिन्याखाली थांबलो, ती खुर्चीवर आणि मी पायरीवर. महानंदा ताट घेऊन जिन्याशी आली, आम्हाला बघून थबकली आणि म्हणाली, "इथं का बसलाय? जेवा की." तिला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, जेवतो. कंट्रोलर हळूहळू थंड झाला आणि लाल दिवा गेला. ऊन अजून होतं. आकडे वर चढायला लागले. एकतीस, अडतीस, एकेचाळीस. तेव्हा मी तिला हाराचं आणि हॉस्पिटलातल्या त्या वासाचं सांगितलं.

"तुम्ही मला हे आधीच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "हाराचं. वासाचं. मला वाटायचं तुम्हाला तिचं काही वाटत नाही."

"तुला वास आला?"

"हो. मला उलटी येतेय अजून."

मी हो म्हणालो. मलाही येत होती.

पाटी आम्ही घरी आणली. तिथे ठेवली असती तर त्यांनी ती फ्रीजच्या दारावर मारली असती. तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही. मोडीत टाकायला हात होत नाही आणि बघवतही नाही. सध्या सकवारच्या भांड्यांच्या फळीवर आहे, पातेल्यांच्या मागे, उलटी करून.

मी आता रोज दुपारी बस धरून समाजभवनात जातो. कंट्रोलरला हात लावून बघतो आणि मग वर जाऊन थर्मामीटर. परवा जिन्याखाली गेलो तर कोणीतरी कंट्रोलरच्या पन्हाळ्यांत दोन उदबत्त्या खोचून ठेवल्या होत्या. विझलेल्या होत्या. मी काढल्या, राख फुंकली आणि हात धुतले, त्या आजीच्या बेसिनमध्ये.